शिंपल्यांचा वॉर्ड

तेरला राहायला गेल्याच्या चौथ्या दिवशी मी घरमालकिणीच्या शंभरेक शिंपल्या गटारात ओतल्या.

हेतू चांगला होता. माझे सगळे घोटाळे चांगल्या हेतूनेच होतात, त्यामुळे आमच्या घरात त्या हेतूला आता कुणी विचारत नाही. रविवार होता. सामायिक अंगणातल्या मोरीपाशी गढूळ पाण्यानं भरलेली बादली दिसली, वर कसलंसं पीठ तरंगत होतं. नवा भाडेकरू आहे, जरा हात हलवताना दिसावं, म्हणून मी ती बादली उचलली आणि गटारात पालथी केली. पाण्याबरोबर खडखड करत काहीतरी गेलं. मला वाटलं, खडे असतील. मग बादली राखेनं घासली, विसळली, उपडी घातली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

घरमालकीण बाहेर आल्या. उंच, सडसडीत बाई, पदराला पिनेनं लावलेलं उलटं घड्याळ. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी ते घड्याळ काही त्यांच्या अंगावरून उतरलं नव्हतं. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे. त्यांनी बादलीकडं बघितलं, मग गटाराकडं, मग माझ्याकडं.

"मास्तर, इथं माझे पेशंट होते."

"कोण पेशंट?"

"दोन दिस झाले ॲडमिट करून. उद्या दुपारी डिस्चार्ज होता."

पुढचा पाऊण तास मी गटारात वाकून चिमट्यानं एकेक पेशंट वर काढत होतो. आम्ही कळंबचे लिंगायत. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नाही, आणि मी चौथ्याच दिवशी कोपरापर्यंत शिंपल्यांत. बायको दारात उभी राहून बघत होती. ती उमरग्याकडची. माझ्याबद्दल खरं मत द्यायचं असलं की ती कानडीत बोलते, मला कळू नये म्हणून. मला कानडी समजतं, हे मी तिला लग्नापासून कधीच कळू दिलेलं नव्हतं. संसारात माणसाजवळ एक तरी गुप्त खिडकी असावी. त्या दिवशी त्या खिडकीतून जे ऐकू आलं ते लिहिण्यासारखं नाही.

मी शिंपल्या धुऊन सिस्टरांपुढं ठेवल्या. मला वाटलं, आता शिजवतील. त्यांनी पोतं काढलं, त्यात शिंपल्या भरल्या आणि म्हणाल्या, "काढा स्कूटी."

"कुठं जायचं?"

"नदीवर, तेरणेला. गटार प्यालेला पेशंट मी कुणाच्या पोटात घालत न्हाय. जिथनं आणला तिथं सोडायचा."

अशा रीतीनं माझी आणि सिस्टरांची ओळख झाली. मी पुढं, त्या मागं, मधे ठिबकणारं पोतं. गावानं हे दृश्य नीट बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर कुणीतरी शिंपलीचं चित्र काढून ठेवलं होतं. चित्र चांगलं होतं, म्हणून मी पुसलं नाही.

शिंपल्या खाणारी माणसं तेरमध्ये पुष्कळ होती, पण शिंपल्या साफ करणारी बाई एकच, असं सिस्टरांचं म्हणणं. बाकीचे नुसत्या धुतात. उन्हाळ्यात तेरणेचं पाणी आटून डोहात गोळा झालं की त्या साडी खोचून उतरायच्या आणि पायाच्या बोटांनी चिखल चाचपत शिंपल्या काढायच्या. घरी आणल्या की ॲडमिशन. पहिलं पाणी अंगावरचा चिखल काढायला. दुसऱ्या पाण्यात मूठभर ज्वारीचं पीठ. शिंपल्या पीठ खातात आणि पोटातली माती ओकतात. माझ्या त्या प्रतापानंतर या बादलीवर झाकण म्हणून जुना एक्स-रे ठेवलेला असे, कुणाची तरी मोडलेली मांडी. मी ओतलं ते हे दुसरं पाणी. मग तिसरं, निव्वळ स्वच्छ. ते रात्रभर ठेवून सकाळी काचेच्या ग्लासात घ्यायचं आणि उजेडाकडं धरायचं.

"पहिलं पाणी रडतंय, दुसरं पाणी बडबडतंय," त्या म्हणायच्या. "तिसरं पाणी मातूर खोटं बोलत न्हाय."

हे वाक्य त्या शिंपल्यांपुरतं ठेवत नसत. गावात लग्न ठरलं, की विचारत, "तिसरं पाणी बघितलं का?" नवे सरपंच निवडून आले तेव्हा म्हणाल्या, "आत्ता कुठं पहिलं हाय." मी एकदा कविता लिहून त्यांना वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाल्या, "मास्तर, अजून दोन पाण्यातनं काढा." मी काढली. उरलंच नाही काही.

त्यांचा वॉर्ड म्हणजे अंगणातली लिंबाखालची जागा. काथ्यानं एकेक शिंपली घासायची, ती रांगेत मांडायची. प्रत्येकीवर जुन्या कात्रीच्या मुठीनं टकटक करायचं. जिवंत असेल तर उघडी शिंपली मिटते. मिटली नाही तर ती गेली, तिला बाजूला काढायची. इथपर्यंत सोपं. पण काही शिंपल्या मेलेल्या असून घट्ट मिटलेल्या असतात. आत नुसता कुजका चिखल. वरून बघितलं तर सगळ्यांत ठणठणीत. अशीला सिस्टर 'ढोंगी' म्हणत.

"एक ढोंगी पातेल्यात गेली की आख्खी पंगत सलाइनवर," त्या म्हणायच्या. "आन् ढोंगी हाताला कळत न्हाय, डोळ्याला कळत न्हाय. वासालाच कळती."

इथं माझा प्रवेश होतो.

एकदा मी दारावर आलेल्या माणसाकडून ज्वारी घेत होतो. सवयीनं मूठभर दाणे तळहातावर घेतले, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि वास घेतला. मग म्हणालो, "ही भिजली होती. वाळवून आणली आहे." तो माणूस कानकोंडा होऊन पोतं उचलून निघून गेला. आमच्या वडिलांची कळंबला अडत होती. आम्हां भावंडांना अक्षरओळखीच्या आधी दाण्याचा वास शिकवला गेला. भाऊ त्या नाकावर व्यापारी झाले. मी त्याच नाकावर मास्तर झालो, म्हणजे नाक वायाच गेलं होतं.

सिस्टर जिन्यावर बसून हे बघत होत्या. पुढच्या शनिवारी त्यांची हाक आली.

"मास्तर, जरा नाक घेऊन या."

मी गेलो. त्यांनी शिंपली माझ्या नाकाखाली धरली. "काय म्हणती?"

"सिस्टर, आम्ही शाकाहारी."

"म्हणूनच. खाणाऱ्याच्या नाकाला आधी रस्सा दिसतो. तुमचं नाक कोरं हाय. सांगा."

पहिल्या दहा शिंपल्यांना नदीचा वास होता, ओल्या मातीचा, शेवाळाचा. अकरावीला माझं डोकं मागं गेलं. सिस्टरांनी ती चाकूनं उघडली. आत काळा चिखल. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की तसं लग्नात सासऱ्यांनीसुद्धा बघितलं नव्हतं.

तेव्हापासून मी वॉर्डचा कायम कर्मचारी झालो. बायकोची अट एकच होती. घरात येण्याआधी अंगणातच आंघोळ. ती स्वतः मात्र शिंपल्यांच्या दिवशी अंगणात पाऊल टाकत नसे. मधलं दार लावून घ्यायची आणि उदबत्ती लावायची. सिस्टर मला 'आमचे स्पेशालिस्ट' म्हणून लोकांना ओळख करून द्यायच्या, आणि मी खोटं कशाला बोलू, छाती फुगायची. मला वाटायचं, माझ्यातला गुण शेवटी कुणाला तरी दिसला.

एकदा संध्याकाळी मात्र बायको मधलं दार उघडून सिस्टरांच्या स्वयंपाकघरात धावली. "मावशी, दूध लागलं!" आमच्या घरभर करपट वास सुटला होता. सिस्टर त्याच चुलीपुढं, पातेल्यापासून दोन हातांवर, शांतपणे पेपर वाचत बसल्या होत्या.

"मुद्दामच लावलंय," त्या म्हणाल्या. "करपट दूध पित्ताला चांगलं."

मी त्यांचं म्हणणं वहीत टिपून ठेवलं. बायकोनं माझ्या वहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काहीच बोलली नाही, कानडीतही नाही. ती गप्प बसते तेव्हा तिला काहीतरी कळलेलं असतं, हे मला कळायला हवं होतं.

मांस काढून घेतलं की शिंपल्यांच्या टरफलांचा दुसरा जन्म सुरू व्हायचा. राखेच्या पाण्यात उकळायची, वरची काळी साल खरवडायची, आतली बाजू फडक्यानं पुसायची. मग मोत्यासारखी झळाळी यायची, जांभळट, मधेच गुलाबी. फुगीर पाठ दगडावर घासायची, घासत राहायची, मधोमध पैशाएवढं भोक पडेपर्यंत. त्या भोकाची कड ब्लेडसारखी होते. तिनं कैरी सोलायची. साल अशी पातळ निघते की कैरीला पत्ता लागत नाही. ऐन कैरीच्या दिवसांत सिस्टरांची ही शिंपी, म्हणजे भोकाची शिंपली, घरोघर जायची. बाजारात सोलाणं मिळतं की, असं मी एकदा म्हणालो. त्यांनी माझ्या हातात एक कैरी आणि ते सोलाणं दिलं. मी सोलली. त्यांनी माझी साल उचलून माझ्यापुढं धरली. "हिच्यावर अजून निम्मी कैरी हाय. ही ऑपरेशन झाली का कत्तल?"

अंगणात खणताना त्यांना एकदा शंखाच्या बांगडीचा तुकडा सापडला होता. तेरच्या मातीत असं जुनंपानं वर येतच असतं. तो त्यांनी गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत कापसावर ठेवला होता. कधी कधी बाटली हलवून म्हणायच्या, "ही बी कुणीतरी माझ्यासारखीच बाई घाशीत बसली आसंल. आन् शेजारचा म्हणत आसंल, बाजारात मिळती की."

वर्षातून एकदा, वैशाखात, त्यांच्या ट्रेनिंगच्या बॅचमधल्या बायका जेवायला यायच्या. पाच जणी. सगळ्या रिटायर, सगळ्यांची घड्याळं अजून पदराला. त्यांतल्या एक मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. त्या आणि सिस्टर यांच्यात ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसापासून अतिशय घट्ट असं वैर होतं, इतकं की एक जण आजारी पडली तर दुसरी मुक्कामाला येई. बेत ठरलेला. काळ्या तिखटातला शिंपल्यांचा रस्सा, भाकरी, आणि जाताना प्रत्येकीला एक एक शिंपी.

मी तेरला आल्याच्या तिसऱ्या वर्षी मेट्रनबाईंचा आधी फोन आला. सिस्टर फोन स्पीकरवर ठेवत, त्यामुळे आम्हीही बोलण्यात असल्यासारखेच होतो.

"यंदा राहू दे ते शिंपल्याचं. वय झालं आता आपलं. वरणभात कर."

"का? मागच्या साली कुणाला जुलाब झाले का?"

"झाले न्हाईत. पण व्हायची वाट बघायची का? कुणाला काय झालं तर तुझं नाव जाईल."

"माझ्या हातनं बत्तीस वर्षांत एक इंजेक्शन पिकलं न्हाय," सिस्टर म्हणाल्या. "माझं चेकिंग लई कडक हाय. ये आन् बघ."

"बघते. एकीचं जरी पोट बिघडलं, तर शिंपल्या कायमच्या बंद. शब्द दे."

सिस्टरांनी शब्द दिला. फोन ठेवला आणि बराच वेळ बाटलीतला तो तुकडा हलवत बसल्या.

पंगतीच्या आदल्या आठवड्यात मी नवा कूलर घेतला. सेल्समननं सांगितलं होतं की रूम मोठी असेल तरी गार होते. रूम लहान होती. मी कूलरपुढं उघड्या अंगानं तीन रात्री झोपलो आणि चौथ्या सकाळी माझं सात पिढ्यांचं नाक बंद झालं. ठार बंद. कॉफीला वास नाही, झेंडू बामला वास नाही. तीच पंगतीची सकाळ होती.

सांगायला हवं होतं. पण मी वॉर्डात गेलो तेव्हा सिस्टरांनी रांगा मांडून ठेवल्या होत्या, तिसऱ्या पाण्याचा ग्लास उजेडात धरला होता, पाणी आरशासारखं होतं आणि त्या गुणगुणत होत्या. बायका धाराशिवहून साडेनऊच्या एसटीनं निघणार होत्या. मी पाटावर बसलो. सिस्टरांनी टकटक करून पहिली शिंपली पुढं केली. मी हुंगली.

"ठीक."

या शब्दात नाकाचं काही काम नसतं, हे माझं नशीब. दुसरी, ठीक. तिसरी, ठीक. मनात म्हटलं, सिस्टर इतक्या वर्षांच्या अनुभवी, त्यांना स्वतःला वास येईलच की. मी नुसता शोभेला. ठीक, ठीक, ठीक. चाळीस शिंपल्या झाल्या. मग टकटक थांबली.

"चाळिसात एक बी ढोंगी न्हाय, मास्तर?"

मी आभाळाकडं बघितलं.

"सर्दी झालीया का?"

"दाही," मी म्हणालो.

लिंबाचं एक पान परातीत पडलं. सिस्टरांनी ते उचलून बाजूला ठेवलं.

"मग आधी बोलायचं न्हाय का?"

"बला वाटलं, तुब्ही हुंगताच की."

"मी काय हुंगते." त्यांनी कात्री खाली ठेवली. "कोरोनात ड्यूटीला गेले होते, रिटायर झाल्यावर. तवापासनं मला काय बी येत न्हाय. फुलाचा न्हाय, फिनेलचा न्हाय. दूध जळालं तरी न्हाय."

आता माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. नाक घेऊन या. आमचे स्पेशालिस्ट. पित्ताला चांगलं. मी दोन वर्षं ज्याला माझा सन्मान समजत होतो, तो त्यांचा आधार होता. आणि नेमका आज मी तो घरी विसरून आलो होतो.

"कुणाला सांगितलं का दाही?"

"काय सांगायचं? वास गेलेली बाई रस्सा करती? मेट्रननं दुसऱ्याच दिवशी चूल बंद केली असती माझी. घर बंद झालं तरी चालतंय मास्तर, चूल बंद झाली की बाई म्हातारी होती."

त्या उठल्या. परात दोन्ही हातांनी उचलली. चार दिवस नदीत उतरून, तीन पाण्यांतून काढलेल्या, एकेक घासलेल्या शिंपल्या. "ह्या जाऊ द्या परत तेरणेला. पिठलं टाकते. मेट्रनला सांगते, तूच खरी."

मला त्यांच्याकडं बघवेना. बत्तीस वर्षांत ज्यांच्या हातून एक सुई चुकली नाही, त्या बाई माझ्या कूलरपायी हार मानत होत्या.

तेवढ्यात मधलं दार उघडलं. बायको बाहेर आली. पदर कमरेला खोचलेला, केस बांधलेले. शिंपल्या मांडलेल्या असताना तिनं अंगणात टाकलेलं हे पहिलं पाऊल.

"मावशी, ठेवा परात खाली."

"पोरी, तुला न्हाय जमायचं. शिसारी येईल."

"मला तुमचं दूध भिंतीपलीकडून येतं. गेली दोन वर्षं तुमच्या घरातला सगळा वास मीच घेते आहे. गॅस चालू राहिला की तुमच्या खिडकीवर कोण टकटक करतं? ठेवा."

सिस्टरांनी परात ठेवली. बायकोनं मला पाटावरून उठवलं आणि स्वतः बसली. एकेक शिंपली नाकाशी नेऊ लागली. चेहरा असा की कडू काढा पितेय. पण हात थांबत नव्हता. मोजत होती कानडीत. नवव्या शिंपलीला तिनं मान फिरवली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती शिंपली दूर ठेवली. सिस्टरांनी उघडली. काळा चिखल. मग आणखी एक. मग आणखी. शंभरात पाच ढोंगी निघाल्या. त्यांतल्या तीन माझ्या 'ठीक'मधल्या होत्या. सिस्टरांनी त्या तीन वेगळ्या माझ्यापुढं मांडल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटची झाल्यावर बायको उठली, मोरीपाशी गेली, तिला कोरडी ओकारी आली, तिनं तोंड धुतलं आणि परत येऊन म्हणाली, "पुढच्या वेळी मला लिंबाचा पाला आणून ठेवा. मधे मधे हुंगायला."

"पुढच्या वेळी," सिस्टर म्हणाल्या, जणू पहिल्यांदाच तो शब्द ऐकल्यासारख्या.

बायका आल्या. मेट्रनबाई आधी सरळ चुलीपाशी गेल्या, झाकण काढलं, वास घेतला, डाव बुडवला, उजेडाकडं धरला. मग जेवायला बसल्या आणि तीन भाकरी खाल्ल्या. आम्ही नवराबायको आमच्या दारात दहीभात खात निकालाची वाट बघत होतो.

"मीठ जरा कमी हाय," मेट्रनबाई म्हणाल्या.

सिस्टरांनी पाठ वळवून डोळे पुसले. बाकीच्या चौघींनी एकमेकींकडं बघितलं. चाळीस वर्षांत मेट्रनबाईंनी याहून मोठी स्तुती कुणाची केली नव्हती म्हणे. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी पाचही जणींना फोन करून प्रत्येकीच्या पोटाची सविस्तर चौकशी केली. सगळ्यांची पोटं ठणठणीत होती.

पुढं माझी बदली कळंबला झाली. वैशाखात सिस्टरांचा फोन येतो, पण मला नाही, बायकोला. "पोरी, कवा येतीस?" आणि ती जाते, एसटीनं, पिशवीत लिंबाचा पाला घेऊन. मला नेत नाहीत. स्पेशालिस्ट बदलले आहेत. आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक शिंपी टांगलेली आहे. माझ्या हातून तिनं अजून कैरी नीट सोलली जात नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्याच दुपारचं. बायका गेल्यावर मी खोलीत डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ घेत बसलो होतो. बायको दुसऱ्यांदा न्हाऊन केस पुसत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरला उद्देशून, कानडीत, अगदी सहज, ती म्हणाली, "परातीतले पाच ढोंगी सापडले. सहावा इथं टॉवेलखाली वाफ घेतोय."

मला हसू फुटलं. टॉवेलच्या आत, वाफेत, ठसका लागेपर्यंत हसलो. मग लक्षात आलं की केस पुसल्याचा आवाज थांबला आहे.

"तुम्हाला कशाचं हसू आलं?" बायकोनं स्वच्छ मराठीत विचारलं. "मी तर कानडीत बोलले."